द्वारपालाचं सलग भाषण

सिनेमावरून गेम करणाऱ्यांना सिनेमा बघायला मिळत नाही. हे सांगितलं की लोक हसतात. पण सिनेमा थिएटरात आणि गेम दुकानात एकाच शुक्रवारी यायला हवा असतो, आणि गेमच्या चकत्या, म्हणजे डिस्क, छापायला आधी कितीतरी आठवडे लागतात. म्हणजे तिकडे शूटिंग चालू असतानाच इकडे आम्ही तोच किल्ला, तीच पोरं, त्याच जादूच्या कांड्या चाचपडत घडवत असतो. हाताशी काय, तर पटकथेचा जुना खर्डा, सेटचे फोटो आणि फिल्मवाल्यांच्या वकिलांचे फोन. मला त्या वकिलांचा तेव्हाही राग यायचा, आजही येतो.

इंग्लंडात गिल्डफर्डला नदीकाठी एका जुन्या गिरणीत आमचं ऑफिस होतं. थॉर्नमियर नावाच्या जादूशाळेतल्या पोरांचा चौथा सिनेमा येणार होता आणि त्याचा गेम आमच्या गळ्यात होता. माझ्याकडे आवाजाचं काम. नटाला काचेपलीकडे बसवायचं, वाक्यं बोलून घ्यायची, मग त्यातले खोकले, श्वास, अडखळणं कापून टाकायचं आणि स्वच्छ तुकडे पुढे द्यायचे. सिनेमातली प्रसिद्ध पोरं आमच्याकडे फिरकत नसत. त्यांच्यासारखा आवाज काढणारी दुसरीच पोरं येत. म्हातारे नट मात्र स्वतः येत. त्यांना काम हवं असे, आणि आमची बिस्किटं बरी असत.

लिओनेल पेलो तसेच आले. उंच, वाकलेले, गळ्यात रेशमी रुमाल. सगळा जन्म गावोगावच्या नाटक मंडळ्यांत गेलेला. सिनेमात त्यांना पहिल्यांदाच बरी भूमिका मिळाली होती, थॉर्नमियरच्या म्हाताऱ्या द्वारपालाची. पोरं एका बंद दारापुढे मंत्रामागून मंत्र म्हणून थकतात आणि द्वारपाल त्यांना सांगतो की या दाराला मंत्रच नाही. एवढा एकच प्रसंग. पण ते भाषण असं होतं की मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा चहा गार झाला.

त्यांच्याबरोबर त्यांची बायको होती. बुटकी, जाड भिंगांचा चष्मा, छातीशी धरलेली पटकथा. ती सरळ काचेपलीकडच्या खोलीत शिरायला लागली.

"बाई, आत फक्त नट," मी म्हटलं. "दुसरं कुणी असलं की आवाज येतो."

"मी विनी. चाळीस वर्षं विंगेत बसून प्रॉम्प्टिंग केलंय," ती म्हणाली. "माझा आवाज पहिल्या रांगेलासुद्धा कधी ऐकू गेला नाही. तुझ्या त्या माइकला काय जातोय?"

"पण नियम आहे."

"असू दे की. मी आत गेले नाही तर याला तरी कशाला नेतेस?"

पेलो हसले. "लॉर्ना, पोरी, तिला येऊ दे. ती नसली तर मला माझं नावसुद्धा सांगता यायचं नाही."

मला ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती.

आवाज म्हणाल तर असा, की इमारतीतल्या खिडक्यांनी कान द्यावेत. पण तीन-चार शब्द झाले की मध्येच ते रिकामे व्हायचे. डोळे उघडे, तोंड उघडं, आणि पुढचा शब्द गायब. मग विनीचं बोट पटकथेच्या ओळीवर पुढे सरकायचं आणि तिच्या ओठांतून तो शब्द यायचा. लगेच पेलो तो उचलून असा म्हणायचे की जणू तो त्यांना आत्ताच सुचला. शूटिंगच्या वेळी विनीला सेटवर येऊ दिलं नव्हतं. तिथे काय झालं असेल ते मी विचारलं नाही.

आम्ही बरेच दिवस बसलो. एकेक शब्द, अर्धं अर्धं वाक्य. संध्याकाळी मी तुकडे जुळवायची. आजचा 'दार' घे, त्या दिवशीचा 'बाळांनो' घे, मधली विनीची कुजबुज काप, श्वास असा सांध की शिवण दिसू नये. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम ते. शेवटी भाषण सलग झालं. एकाही ठिकाणी अडखळणं नाही. पेलोंनी ते तसं कधी म्हटलेलंच नव्हतं, आणि तरी प्रत्येक शब्द त्यांचाच होता.

शेवटच्या दिवशी पेलो कोट घालत होते तेव्हा विनी माझ्याजवळ आली.

"झालं का गं जुळवून?"

"झालं. ऐकायचंय?"

"इथे नको. हा ऐकेल आणि मधेच म्हणेल, हे मी कधी म्हटलं?" तिने पेलोंकडे एक नजर टाकली. "खेळ बाजारात आला की ऐकीन. घरी, खुर्चीत बसून. लग्नाला किती वर्षं झाली आता, पण याचं एकही भाषण मी नुसतं ऐकलेलं नाही. नेहमी बोट ओळीवर आणि जीव पुढच्या शब्दात. एकदा मला काही न करता ऐकायचंय. डॉक्टर म्हणतात, पुढच्या वर्षापर्यंत बोलणंच राहायचं नाही त्याचं."

मी हो म्हटलं. नुसतं हो नाही, मी तिचा हात धरून शब्द दिला.

उन्हाळा संपता संपता फिल्मवाल्यांचा निरोप आला. द्वारपालाचा प्रसंग सिनेमातून काढला आहे, आणि जे सिनेमात नाही ते गेममध्येही दिसता कामा नये. कारण दिलं नाही. पेलोंना त्यांनी कळवलंसुद्धा नव्हतं. मी गॉडलमिंगला त्यांच्या घरी जाऊन सांगितलं.

"बरं," पेलो म्हणाले, आणि खिडकीतून शेजाऱ्याच्या कुत्र्याकडे बघत बसले. "मला वाटलंच होतं. त्या दिग्दर्शक पोराचा चेहरा बघूनच वाटलं होतं."

विनीने फक्त माझ्याकडे बघितलं. ती काय विचारते आहे ते मला कळलं.

उत्तर कॅलमकडे होतं. कॅलम म्हणजे आमचा स्कॉटिश प्रोग्रामर. लाल दाढी, वर्षभर एकच स्वेटर, हट्टी इतका की भांडायला गेलेला माणूस थकून परत यावा. ते दार आणि त्यापुढचा दगडी दिवाणखाना त्यानेच बांधला होता.

"काढायचं कोण म्हणतंय?" तो म्हणाला. "शेवटच्या महिन्यात कुणी काही काढतं का? एक वीट उपसली तर कुठली भिंत कोसळेल, देवाला ठाऊक. कुलूप लावायचं आणि गप्प बसायचं."

हे अगदी खरं. आमच्या धंद्यात नको असलेलं पुसत नाहीत. ते चकतीवर तसंच राहतं, फक्त तिथे जायची वाट बंद होते.

"पण मग विनी ऐकणार कशी?" मी विचारलं.

"कुलपाला किल्ली असते ना, बाई." त्याने आवाज खाली आणला. "फिल्मवाल्यांची माणसं गेम तपासायला येतात तेव्हा काय करतात? पळतात. उड्या मारतात. दिसेल त्यावर कांडी रोखतात. आपले टेस्टरही तेच. कधी कुणाला एका जागी उभं राहिलेलं बघितलंस? मी दार तसंच ठेवतो, नुसती शोभेची भिंत म्हणून. पण त्याच्यापुढे जो तीन मिनिटं काहीही न करता उभा राहील त्याच्यासाठी ते उघडेल. म्हातारा भाषणात तेच तर सांगतो!"

मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. इतकं सुंदर कुलूप मी ऐकलं नव्हतं. त्याने दुसऱ्या दिवशी मला करून दाखवलं. आम्ही दोघं चीज आणि लोणच्याची सँडविचं खात पडद्यापुढे बसून राहिलो आणि दार करकरत उघडलं. गुपित आमच्या दोघांतच ठेवायचं ठरलं, कारण तिसऱ्या माणसाला कळलं की ते वकिलांपर्यंत जाणार. फिल्मवाल्यांची माणसं आली, सारा किल्ला पळत पालथा घातला आणि समाधानाने गेली. कॅलम सुट्टी घेऊन आईकडे इन्व्हर्नेसला गेला.

मग चकती कारखान्यात गेली आणि आम्ही घरी गेलो. म्हणजे खरंच घरी. पाचव्या गेमचं कंत्राट दुसऱ्या कुणाला तरी मिळालं, मालकांनी गिरणी रिकामी केली. फिल्मवाल्यांचा एक माणूस येऊन सगळी रेकॉर्डिंगं पेटीत भरून घेऊन गेला आणि आमची यंत्रं पुसून गेला. करारच तसा होता. मी फार काही मनाला लावून घेतलं नाही. म्हटलं, चकती आहे ना.

गेम बाजारात आला त्या शुक्रवारी दुपारी मी आणि कॅलम गॉडलमिंगला गेलो. मी गेम विकत घेतला, कॅलमने आपलं कन्सोल, गेम चालवायचं यंत्र, बगलेत मारून आणलं. विनीने बदाम आणि जॅमचा बेकवेल टार्ट केला होता. पेलोंनी कोट चढवला होता आणि रेशमी रुमाल बांधला होता. आपण कशासाठी बसलो आहोत हे त्यांना मधूनमधून आठवत होतं.

"आज पहिला प्रयोग का?" त्यांनी मला विचारलं.

"हो, मिस्टर पेलो. आज पहिला प्रयोग."

विनीने पटकथा आणली नव्हती. "स्वयंपाकघरात ड्रॉवरमध्ये घालून आले," ती म्हणाली. "बघितली की बोट जातं." मग ती टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसली आणि उजवा हात चक्क मांडीखाली दाबून धरला.

कॅलमने झपाट्याने खेळत किल्ल्यातून पोराला पळवलं आणि त्या दारापुढे नेऊन उभं केलं. कंट्रोलर टार्टच्या ताटलीशेजारी ठेवला.

"आता कुणी हात लावायचा नाही," तो म्हणाला. "आता नुसतं बसायचं."

आम्ही बसलो. पडद्यावर मशाल हलत होती. तो झगा घातलेला पोरगा मधूनच खांदा खाजवत होता. विनी जराशी पुढे सरकली. आणि संगीत एकदम बंद झालं, पडदा काळवंडला आणि त्यावर अक्षरं आली: 'अजून खेळताय ना? पुढे जाण्यासाठी बटण दाबा.'

"हे काय?" मी म्हटलं.

कॅलमने बटण दाबलं, कंट्रोलर ठेवला, आणि घड्याळाकडे बघत राहिला. पुन्हा मशाल. पुन्हा खांदा. पुन्हा तेच: 'अजून खेळताय ना?'

तो बसल्या जागी पांढरा पडला. "दोन मिनिटांनी," तो म्हणाला. "कुणीतरी दोन मिनिटांवर लावलंय."

तेव्हा मला सगळं कळलं. छापण्याआधी चकती कन्सोल बनवणाऱ्या कंपनीकडे तपासायला जाते, आणि त्यांनी ती शेवटच्या आठवड्यात एकदा परत पाठवली होती. त्यांचा नियम असा की कुणी बटणाला हात लावेनासं झालं की गेमने आपोआप थांबायचं, म्हणजे टीव्हीच्या काचेवर चित्राचा डाग पडत नाही. कॅलम सुट्टीवर होता. ते काम आमच्या दुसऱ्या प्रोग्रामरने, ग्वेन्डाने केलं, एकटीने, एका दिवसात, आणि वर सगळ्यांना केक आणला. बिचारीला दाराचं काहीच माहीत नव्हतं. माहीत असतं तर तिने आकडा चारवर नेला असता, तिला काय फरक पडणार होता? पण ते गुपित होतं.

"मधे जरा बोट लाव ना," मी कॅलमला म्हटलं. "थांबायच्या आधी."

"बोट लावलं की दाराचं घड्याळही पहिल्यापासून सुरू होतं." त्याने दोन्ही हात डोक्याला लावले. "ती पाटी गेम थांबवते तेव्हा दारही थांबतं. उघडणार नाही, लॉर्ना. कधीच नाही. कुठल्याच चकतीवर नाही."

त्या काळी चकती एकदा छापली की छापली. नंतर काही दुरुस्त करता येत नसे. देशभर त्या दिवशी दुकानांतून पोरं ती पिशवीत घालून नेत होती, आणि प्रत्येक चकतीत पेलो दारामागे उभे होते, एक शब्दही न अडखळता. मला रडू आलं नाही. मला काहीतरी फोडावंसं वाटलं.

"काय झालं?" पेलोंनी विचारलं. "पडदा अडकला?"

"अडकला," विनी म्हणाली.

"मग चालू द्या की तसंच. प्रेक्षक बसलेत." ते उठले. कोट ठीक केला, टीव्हीपुढे जाऊन आमच्याकडे तोंड करून उभे राहिले. मी त्यांना थांबवायला उठणार होते, पण त्यांनी सुरू केलं होतं.

"बाळांनो, या दाराला मंत्र नाही. मंत्र असतो तो घाई झालेल्यांसाठी." काय आवाज तो! कॅलमने मान वर केली. "तुम्ही नुसते उभे राहा. कांड्या खाली करा. दार आंधळं असेल, बहिरं नाही. त्याला कळतं कोण ताटकळलंय, आणि कोण..."

आणि ते रिकामे झाले.

मी विनीकडे बघितलं. तिने ओठ घट्ट मिटले होते. हात अजून मांडीखाली होता. तिला वाटत होतं, मला ठाऊक आहे तिला काय वाटत होतं: येईल त्याला. आज एकदा येईल. खोलीत नुसता घड्याळाचा आवाज. पेलोंचे डोळे आमच्यावरून फिरले, छताकडे गेले, दाराकडे गेले, आणि मग त्यांत भीती दिसायला लागली, बाजारात आईचा हात सुटलेल्या पोराच्या डोळ्यांत दिसते तशी.

विनीने मांडीखालून हात काढला.

"थांबलंय," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली.

"आणि कोण थांबलंय!" पेलोंनी तो शब्द उचलला आणि भाषण पुढे गेलं. आणखी दोनदा ते अडले, दोनदा तिने शब्द दिला. शेवटी त्यांनी वाकून नमस्कार केला, आम्ही टाळ्या वाजवल्या, विनीने सगळ्यांत जास्त वाजवल्या. मग ती टार्ट कापायला उठली.

दारापर्यंत सोडायला आली तेव्हा मी म्हटलं, "विनी, माफ कर."

"वेडी का गं तू? छान झाला की प्रयोग." तिने माझ्या कोटाचं बटण लावलं. "पण तुझं ते जुळवलेलं... चांगलं झालं होतं ना?"

"फार चांगलं झालं होतं."

"वाटलंच मला," ती म्हणाली, आणि आत गेली, कारण आतून ते तिला हाक मारत होते.

वसंतात पेलोंचं बोलणं बंद झालं. मी अधूनमधून जायची. विनी त्यांच्याशेजारी बसून जुन्या नाटकांतलं त्यांचं भाषण स्वतःच म्हणायची आणि ते तिच्या ओठांकडे बघत राहायचे. चकतीतून आवाज बाहेर काढायची साधनं पुसलेल्या यंत्रांबरोबरच गेली होती, म्हणून कॅलमने फिल्मवाल्यांना पत्रं लिहिली, फोन केले. पेटी कुठल्या गोदामात आहे हेच कुणाला सांगता आलं नाही, किंवा सांगायचं नव्हतं. आधी पेलो गेले. बऱ्याच वर्षांनी विनी गेली. तिच्या अंत्यविधीला मी आणि कॅलम एका बाकावर बसलो होतो आणि एकमेकांकडे बघितलं नाही.

परवा कॅलमचा फोन आला. मला वाटलं, तब्येतीचं काही असेल. त्याने नमस्कार-चमत्कार काहीच केलं नाही.

"उघडलं," तो म्हणाला.

आता अशी माणसं आहेत की जुन्या गेमच्या चकत्या घेऊन त्यांच्या पोटात शिरतात आणि आत काय काय राहून गेलंय ते शोधत बसतात. त्यांतल्या कुणीतरी आमचं दार उघडलं होतं. द्वारपालाचा आवाज काढून इंटरनेटवर टाकला होता. मी दुपारी एकटीच बसून ऐकला. सलग. शिवण कुठेही दिसत नव्हती. मी कानाला यंत्र लावून, श्वास रोखून त्या जागी कान दिला. 'आणि कोण थांबलंय.' मधे काहीच नव्हतं. विनीला मी इतक्या सफाईने कापून काढलं होतं की तिचा श्वाससुद्धा उरला नव्हता.

खाली हजारो लोकांनी लिहिलं होतं. हे आजोबा कोण? यांना सिनेमातून का काढलं? मी त्यांचं नाव लिहिलं, लिओनेल पेलो. लगेच कुणीतरी उत्तर दिलं, "काय नट असेल! एवढं मोठं भाषण, आणि एका दमात. किती पाठ असेल त्यांना."

मी खाली लिहिलं, "त्यांना नव्हतं. त्यांच्या बायकोला पाठ होतं. तिचं नाव विनी. तिला हे एकदा ऐकायचं होतं."